थांबून राहिलेला कॅमेरा

'शाळेतला भेदभाव तुम्ही कॅमेऱ्यात पकडता कसा?' मुलांच्या शिक्षणावर माहितीपट करणाऱ्या कुणालाही, खेळ संपून दिवे लागले की, हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा प्रसंग असतो. बाई कुणाला तरी टाकून बोलल्या, माठाजवळून कुणाला तरी हटकलं, आणि नेमका तेव्हा कॅमेरा चालू होता. असे प्रसंग घडतात आणि ते नोंदवलेही गेले आहेत. स्टॅलिन के. यांच्या 'इंडिया अनटच्ड' (2007) या माहितीपटात शाळेतली अस्पृश्यता मुलांच्याच तोंडून ऐकायला मिळते. तो पाहिल्यावर 'आता असं कुठे राहिलंय' हे वाक्य पुन्हा उच्चारणं जड जातं.

तरीही बरीच वर्षं वर्गांच्या कोपऱ्यात बसून चित्रीकरण केल्यावर माझी खात्री झाली आहे की प्रसंग हा भेदभावाचा फार थोडा भाग असतो. उरलेला सगळा मुलाच्या अंगात सावकाश मुरत जातो. पहिलीत उत्तर येत नसतानाही हात वर करणारा मुलगा सहावीत उत्तर येत असूनही हात खाली का ठेवतो? मधल्या वर्षांत त्याला कुणी मारलेलं नसतं, उघड शिवी दिलेली नसते. सगळं फुटेज धुंडाळलं तरी बोट दाखवावं असा एक माणूस सापडत नाही. सापडतं ते एवढंच, की प्रश्न विचारताना बाईंची नजर त्याच्यावरून पुढे सरकली, आणि असं शेकडो वेळा झालं. शेकडो वेळा घडलेली गोष्ट दाखवायची तर कॅमेऱ्यालाही तेवढा काळ तिथे राहावं लागतं. वंश, जात आणि शाळा यांवरचे चांगले माहितीपट वर्षानुवर्षं चालतात ते यामुळे. विषयच तेवढा काळ मागतो.

हे मला ज्या चित्रपटांनी शिकवलं ते बहुतेक अमेरिकेतले आहेत. त्यांतला 'अमेरिकन प्रॉमिस' (2013) मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

1999 सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जो ब्रूस्टर आणि मिशेल स्टीफन्सन हे कृष्णवर्णीय जोडपं राहत होतं. जो मानसोपचारतज्ज्ञ, मिशेल कायदा शिकलेल्या, आणि दोघंही चित्रपटांकडे वळलेले. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा इद्रिस आणि त्याचा मित्र शॉन यांना मॅनहॅटनमधल्या डाल्टन स्कूल या नामांकित खासगी शाळेत प्रवेश मिळाला. आपल्याकडे डी.एड., बी.एड. केलेल्यांना 'डाल्टन योजना' आठवत असेल. प्रत्येक मुलानं आपल्या गतीनं काम पुरं करावं ही ती पद्धत. ती मांडणाऱ्या हेलन पार्कहर्स्ट यांनीच ही शाळा 1919 मध्ये काढली. शतकाच्या अखेरीस ती श्रीमंत आणि बहुतांशी गोऱ्या कुटुंबांची शाळा होती, आणि कृष्णवर्णीय मुलांची संख्या वाढवण्याचा प्रयत्न तिथे सुरू झाला होता. या प्रयत्नाचं पुढे काय होतं ते पाहावं, म्हणून आईवडिलांनी कॅमेरा हातात घेतला आणि मुलं बारावी पूर्ण करेपर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, तो खाली ठेवला नाही. जमलं सुमारे 800 तासांचं फुटेज. त्यातून सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट निघाला. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी साडेतीनशेच्या घरात मिनिटं बाजूला ठेवली गेली. 2013 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

या चित्रपटात कुणी खलनायक नाही. शाळा चांगली आहे, शिक्षक सौम्य आहेत, पालक आपापल्या मुलासाठी जिवाचं रान करत आहेत. तरीही वर्षं सरतात तसे दोन्ही मुलांच्या वाट्याला 'लक्ष लागत नाही', 'काम वेळेवर देत नाही', 'वेगळी मदत लागेल' असे शेरे वाढत जातात. शॉनला वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असल्याचं निदान होतं. इद्रिसच्या बाबतीत अवधानाच्या अडचणीची, एडीएचडीची चर्चा सुरू होते. यातलं मुलाचं किती, शाळेचं किती आणि कातडीच्या रंगाकडे पाहण्याच्या सवयीचं किती, हे पालकांना कळत नाही. चित्रपटही ते ठरवून देत नाही. पालक-शिक्षक बैठकांतून हा विषय पुन्हा पुन्हा निघतो आणि प्रत्येक वेळी सगळे तो सभ्यपणे अर्धवट सोडून उठतात. अशी एकच बैठक पाहिली असती तर मी म्हणालो असतो, बरी झाली. वर्षांमागून वर्षं तशाच बैठका पाहिल्यावर मात्र छातीवर दडपण येतं.

इद्रिस शाळेत एका पद्धतीनं बोलतो, आणि ब्रुकलिनमध्ये बास्केटबॉल खेळायला उतरला की दुसऱ्या. तिथली मुलं त्याला गोऱ्यांसारखं बोलतो म्हणून चिडवतात. शाळेतल्या समारंभांत मुली त्याच्याबरोबर नाचायला तयार होत नाहीत. आणि एका टप्प्यावर, मी गोरा असतो तर बरं झालं नसतं का, अशा अर्थाचा प्रश्न तो आईवडिलांना विचारतो. पोरकट कुतूहलानं विचारावा तसा विचारतो. त्याच्या आधीची सगळी वर्षं आपण पाहिलेली असल्यामुळे तो प्रश्न कुठून आला हे आपल्याला ठाऊक असतं. हीच दृश्यफीत पाच मिनिटांच्या बातमीत दाखवली असती तर तिनं डोळ्यांत पाणी आणलं असतं. इथे ती विचार करायला लावते.

आठवीनंतर शॉन डाल्टन सोडतो आणि ब्रुकलिनमधल्या बेंजामिन बॅनेकर अकादमी या सरकारी शाळेत जातो. तिथे बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आहेत. शाळा बदलल्यावर त्याचं शरीर बदलतं. मी चालण्याबद्दल, खांद्यांबद्दल, हसण्याबद्दल बोलतो आहे. संवादाची एक ओळही न वापरता हे दिसतं, कारण त्याआधी हेच खांदे आपण इतकी वर्षं दुसऱ्या वर्गात पाहिलेले आहेत. दोन चौकटींतला फरक सांगायला पहिली चौकट हाताशी असावी लागते. ती नंतर कधीही चित्रित करता येत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी मी या दिग्दर्शकांना मानतो. गृहपाठावरून वडील मुलाला कठोरपणे बोलतात, आई कॅमेऱ्यामागूनच त्याला धारेवर धरते, ही दृश्यं त्यांनी काढून टाकली नाहीत. अंतिम निर्णय त्यांच्याच हातात होता आणि काढली असती तर कुणाला कळलंही नसतं. ती ठेवल्यामुळे प्रेक्षकाला दिसतं की बाहेरच्या जगाची भीती घरात शिस्तीचं रूप घेऊन येते. आपल्या मुलाला दुप्पट चांगलं व्हावं लागणार हे ठाऊक असलेला बाप दुप्पट कडक होतो. वंशभेदाचा असा परिणाम, जो वंशभेद करणाऱ्याच्या गैरहजेरीतही चालू राहतो, मी इतका स्पष्ट दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही.

दीर्घकाळाच्या माहितीपटांची परंपरा यापेक्षा जुनी आहे. पूर्व जर्मनीत विनफ्रीड युंगे यांनी गोल्त्सो या गावातल्या एका वर्गाचं चित्रीकरण 1961 मध्ये सुरू केलं. पुढे पत्नी बार्बरा यांच्या साथीनं ते 2007 पर्यंत चाललं. मधल्या काळात ज्या देशात ते सुरू झालं तो देशच उरला नाही. ब्रिटनमध्ये 1964 साली ग्रॅनाडा टेलिव्हिजननं 'सेव्हन अप' केला. वेगवेगळ्या सामाजिक स्तरांतली सात वर्षांची चौदा मुलं निवडली. दिग्दर्शन पॉल ऑल्मंड यांचं होतं. मुलं शोधण्याच्या कामात असलेल्या मायकेल ॲप्टेड यांनी पुढे दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे जाऊन मालिका चालू ठेवली. '63 अप' 2019 मध्ये आला आणि 2021 च्या जानेवारीत ॲप्टेड गेले.

सामाजिक वर्ग माणसाचं आयुष्य किती ठरवतो हे या मालिकेनं जितकं दाखवलं तितकं कुणीच दाखवलं नाही. पण चौदांमध्ये मुली होत्या चार, आणि गोरा नसलेला मुलगा होता एक, सायमन. तो सुरुवातीला बालगृहात वाढत होता. एका मुलाच्या खांद्यावर ब्रिटनमधल्या साऱ्या मिश्रवर्णीय मुलांचं प्रतिनिधित्व येऊन पडलं. '35 अप' मध्ये तो आला नाही, पुढच्या भागात परतला. दर सात वर्षांनी भेटण्याच्या पद्धतीला एक मर्यादाही आहे. तिच्यातून परिणाम दिसतो, प्रक्रिया दिसत नाही. चौदाव्या वर्षी मूल गप्प झालेलं दिसतं. ते केव्हा आणि कशानं गप्प होत गेलं हे मधल्या सात वर्षांत राहून जातं. म्हणून वंशाबद्दल किंवा जातीबद्दल बोलायचं असेल तर मी शाळेच्या दिनक्रमात सलग राहणाऱ्या चित्रपटांकडे वळतो.

त्यांतला 'हूप ड्रीम्स' (1994) शिकागोचा. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट यांनी बास्केटबॉलवर अर्ध्या तासाची फिल्म करायची ठरवलं होतं. ते सुमारे पाच वर्षं थांबले, 250 तासांचं चित्रीकरण झालं आणि चित्रपट जवळजवळ तीन तासांचा बनला. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी या दोन कृष्णवर्णीय मुलांना त्यांच्या खेळामुळे उपनगरातल्या, बहुतांशी गोऱ्या मुलांच्या कॅथलिक शाळेत घेतलं जातं. जायला दीड तास, यायला दीड तास. विल्यमची फी भरणारं कुणीतरी मिळतं. आर्थरचा खेळ अपेक्षेइतका बहरत नाही, घरी फी थकते आणि वर्षाच्या मध्येच त्याला शाळा सोडावी लागते. फी चुकती होईपर्यंत शाळा त्याच्या गुणांची नोंद द्यायला तयार नसते. दोन समान मुलांच्या वाटा एका थकबाकीच्या कागदावर वेगळ्या होतात. हा चित्रपट सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या ऑस्कर नामांकनात आला नाही. नामांकन मिळालं ते संकलनाला. मी संकलन शिकवताना तो दाखवतो. कुणाची बाजू कुठे सोडायची आणि पुन्हा कुठे उचलायची याचा इतका चांगला धडा दुसरा नाही.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरणही इथे मांडलं पाहिजे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिल 1968 ला, आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या छोट्या गावात तिसरीच्या शिक्षिका जेन इलियट यांनी वर्गात एक प्रयोग केला. वर्गातली सगळी मुलं गोरी. बाईंनी त्यांची निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची अशी विभागणी केली. एक दिवस एक गट श्रेष्ठ, दुसऱ्या दिवशी दुसरा. कनिष्ठ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी पट्टा. 1970 मध्ये एबीसी वाहिनीसाठी हा प्रयोग चित्रित झाला तेव्हा मुलांना शब्दांची कार्डं वाचायला दिली गेली. तपकिरी डोळ्यांच्या मुलांना कनिष्ठ असताना साडेपाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी श्रेष्ठ ठरल्यावर तेवढीच कार्डं त्यांनी अडीच मिनिटांत वाचली. म्हणजे भेदभावाचा परिणाम दिसायला वर्षं लागत नाहीत, एक दिवस पुरतो.

हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण त्या वर्गात बाईंनी पट्टा चढवला तसाच तो काढलाही. खऱ्या आयुष्यात तो काढणारं कुणी नसतं, आणि मुलांना तो दिसतही नाही. प्रयोगानं यंत्रणा दाखवली. त्या यंत्रणेत तेरा वर्षं राहिलेल्या मुलाचं काय होतं, हे दाखवायला 'अमेरिकन प्रॉमिस' लागतो. खुद्द या प्रयोगाचं मोलही पुढच्या काळातच उलगडलं. ती मुलं मोठी झाल्यावर एकत्र जमली, आपलं जुनं चित्रीकरण पाहिलं, आणि त्यातून विल्यम पीटर्स यांचा 'अ क्लास डिव्हायडेड' (1985) तयार झाला. लहान मुलांवर असा प्रयोग करावा का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. मी स्वतः मुलांना दुखावून काही सिद्ध करणार नाही. पण साडेपाच आणि अडीच हे दोन आकडे प्रत्येक शिक्षकाला माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं कॅमेऱ्याविषयी. वर्गात तो तटस्थपणे ठेवता येतो असा समज आहे. रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासात डोकावलं तर तो टिकत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर कोडॅकच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पाठवलं जाई. त्यावर गोरी स्त्री असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर. परिणाम असा की गोरी आणि काळी मुलं एकत्र बसलेल्या वर्गाच्या फोटोत गोऱ्या मुलांचे चेहरे उजळ येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. आयांनी तक्रारी केल्या. पण कंपनीवर जास्त दडपण आलं ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांचं, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नव्हत्या. फिल्म सुधारली आणि तिचा लाभ पुढे मुलांच्या चेहऱ्यांना मिळाला.

आज कॅमेरे बदलले असले तरी वर्गात एक्स्पोजर कुणाच्या चेहऱ्यावर लावायचं हा निर्णय आजही छायाचित्रकारच घेतो. खिडकीजवळच्या मुलावर लावलं तर मागच्या कोपऱ्यातला सावळा मुलगा अंधारात जातो. मागे बसलेली मुलं बरेचदा कोण असतात हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून माझ्या युनिटला माझी पहिली सूचना हीच असते: प्रकाश मागच्या बाकाचा मोजा. खिडकी जळाली तर जळू दे. दुसरी सूचना, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून पाहिलेलं मूल नेहमी दयेचा विषय होतं. तिसरी, माईक बाईंना लावण्याआधी मुलाला लावा, कारण शाळेत जे घडतं त्यातलं बरंचसं पुटपुटण्यात घडतं.

या कामात सर्वांत कठीण असते ती परवानगी. पाच वर्षांच्या मुलाच्या संमतीपत्रावर आईबाप सही करतात. पण ते मूल पंधरा वर्षांचं होतं तेव्हा त्याचं लहानपण आमच्या हार्ड डिस्कमध्ये पडलेलं असतं, आणि त्यावर त्याची सही कुठेच नसते. म्हणून मी दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडली की, मुलांना त्यांचं आदल्या वर्षीचं चित्रीकरण दाखवतो. नको म्हणतील ते कायमचं जातं, कारण न विचारता. एका मुलीनं आपला फाटका गणवेश दिसणारी सगळी दृश्यं काढायला लावली. संकलनाच्या दृष्टीनं ती फार मोलाची होती. तिच्यासाठी त्यांची किंमत त्याहून जास्त होती, आणि तो निर्णय तिचाच असायला हवा.

चित्रपटातून मुलांना काय मिळतं, हाही प्रश्न टाळता येत नाही. 'हूप ड्रीम्स' मध्ये एजी कुटुंबाच्या घरची वीज तोडली जाते, तेव्हा अंधारातलं घर नुसतं चित्रित करून परत यायचं का? त्या दिग्दर्शकांनी मदत केली, आणि चित्रपटाच्या उत्पन्नात त्या कुटुंबांना वाटा दिला. फ्रान्समधल्या एका एकशिक्षकी शाळेवरचा निकोला फिलिबेर यांचा 'एत्र ए आव्हार' (2002) प्रचंड चालला, तेव्हा त्यातल्या शिक्षकांनी मोबदल्यासाठी दावा लावला आणि ते हरले. कायद्यानं प्रश्न मिटला, नीतीनं तो मिटलेला नाही. ज्याच्या आयुष्यावर माझा चित्रपट उभा आहे त्याचा त्यात वाटा आहे, हे मी काम सुरू करतानाच लिहून देतो.

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या वंशभेदाशी काय देणंघेणं, असं कुणी विचारलं तर मी जोतीराव फुल्यांकडे बोट दाखवतो. 1873 साली पुण्यात बसून त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. दोन्हीकडचं दुःख एकाच जातीचं आहे हे ओळखायला त्यांना कॅमेरा लागला नाही. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसल्यानंतर. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. हा संवाद आपणच दीडशे वर्षांपूर्वी सुरू केलेला आहे.

आणि आज तर इद्रिस आणि शॉन आपल्या गल्लीत आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना देणं बंधनकारक केलं. घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा, त्या जिथे काम करतात त्या घरातल्या मुलाशेजारी बसू लागला. या मुलांनी तिथे असावं की नाही यावर आपल्याकडे कोर्टात भांडणं झाली. 2024 मध्ये सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळणारा बदल राज्य सरकारनं केला आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पण ती मुलं त्या वर्गात कशी वाढली, याकडे कुणी सलग पाहिलं? कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीला तोच मुलगा, तीच शाळा, तेच मित्र, आणि समोर पूर्ण फी. शॉननं आठवीनंतर शाळा सोडली, आर्थरला फीपायी सोडावी लागली. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात. सुरुवातीच्या तुकड्यांतली मुलं तो उंबरठा ओलांडून कधीच पुढे गेली. काही वर चढली, काही बाहेर पडली. पहिलीपासून आठवीपर्यंत त्यांच्यासोबत राहिलेला एकही मराठी माहितीपट माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या एका चित्रपटासाठी मी राज्यातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं सकाळची हजेरी चित्रित करत आलो आहे. दृश्य साधं आहे. बाई नाव घेतात, मूल 'हजर' म्हणतं. संकलनाच्या वेळी या सगळ्या हजेऱ्या वर्षांच्या क्रमानं एकामागोमाग लावून ऐकल्या तेव्हा काही गोष्टी समजल्या. पहिली-दुसरीत सगळ्यांना नुसत्या नावानं पुकारलं जायचं. पुढे काही मुलं नावाची राहिली आणि काही आडनावाची झाली. आपल्याकडे आडनावात काय काय दडलेलं असतं ते सांगायला नको. ज्यांचं आडनाव पुढे आलं त्यांतल्या काही मुलांचा 'हजर' वर्षागणिक आखूड झाला. तिसरीतला 'हजर बाई!' सातवीत फक्त एक हुंकार उरला. बाई त्याच होत्या, मायाळू होत्या, आणि मी त्यांना ते ऐकवलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हजेरीची पद्धत बदलली. माहितीपटानं समाज बदलतो का, यावर मी वाद घालत नाही. एका वर्गातली हजेरी बदलली, हे मात्र मी पाहिलं आहे.

मी आता या कामाच्या उत्तरार्धात आहे आणि पुढे काय व्हावं याबद्दल माझी मतं पक्की होत चालली आहेत. 'सेव्हन अप' मध्ये कॅमेरा बाहेरून आलेल्या माणसांच्या हातात होता. 'हूप ड्रीम्स' मध्ये बाहेरचीच माणसं होती, पण ती घरात जाऊन राहिली. 'अमेरिकन प्रॉमिस' मध्ये तो आईबापांच्या हातात आला. आणखी एक पाऊल 2005 साली किरी डेव्हिस या न्यूयॉर्कच्या किशोरवयीन मुलीनं टाकलं. तिनं 'अ गर्ल लाइक मी' नावाची सात मिनिटांची फिल्म केली. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं 1940 च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांसमोर काळी आणि गोरी बाहुली ठेवून प्रयोग केले होते. शाळांतली वंशानुसार फारकत रद्द करणाऱ्या 1954 च्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. किरीनं तोच प्रयोग हार्लेममध्ये पुन्हा केला. 21 मुलांपैकी 15 जणांनी गोरी बाहुली पसंत केली. निकालाला अर्धशतक लोटल्यावर ही बातमी जगाला दिली ती शाळेत जाणाऱ्या मुलीनं. तिला विषय समजून घ्यायला कुठे जावं लागलं नाही, ती त्यातच वाढत होती.

आपल्याकडे हे पाऊल त्याहून आधी पडलेलं आहे. 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये छापला गेला. जिच्यावर अन्याय होतो ती शाळकरी मुलगी स्वतः बोलते, मोठी माणसं तिला वाचतात, याची परंपरा मराठीत जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची आहे. आता तिच्या हातात लेखणीबरोबर कॅमेराही यायला हवा, आणि तो एखाद्या कार्यशाळेपुरता येऊन भागणार नाही. पहिल्या इयत्तेपासून तिचं चित्रीकरण तिच्या नावावर जपून ठेवणारी एखादी संस्था हवी. दरवर्षी थोडा पण खात्रीचा पैसा हवा. एकरकमी अनुदान घेऊन वर्षात फिल्म द्या म्हणणाऱ्या योजनांतून हे काम होत नाही. आणि दार उघडं ठेवणाऱ्या शाळा हव्यात. आपल्या वर्गातलं अप्रिय काही बाहेर जाईल या भीतीपोटी जी शाळा कॅमेऱ्याला नकार देते, तिला मी एवढंच सांगेन की ते मुलांसोबत रोज संध्याकाळी घरी जातंच आहे.

पुढच्या जूनमध्ये 25 टक्क्यांच्या जागेवर जी मुलं पहिलीत बसतील, त्यांच्यासोबत नववीच्या उंबरठ्यापलीकडे जाईपर्यंत राहायची आमची तयारी आहे. पहिली दोन वर्षं चित्रीकरण आम्ही करू. तिसरीपासून कॅमेरा हळूहळू त्यांच्या हातात जाईल आणि शेवटचा कट ती मुलंच ठरवतील. तो चित्रपट पूर्ण होईल तेव्हा मी बराच म्हातारा झालेला असेन. तेव्हा त्याचा दिग्दर्शक म्हणून कोण नाव लावेल हे आज सांगता येत नाही. त्या वर्गातल्या कुणाचं तरी नाव असावं, एवढी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी लागेल तेवढं थांबायची माझी तयारी आहे.